वास्तुविशारदांची परिषद आणि गावाचे घर

घर बांधणे ही मनुष्याची फार जुनी विद्या आहे. तरीही प्रत्येक पिढीला ती नव्याने शिकावी लागते. लाकूड दुर्मिळ होते, सिमेंट येते, कुटुंबे लहान होतात, वस्ती वाढते आणि कालपर्यंत चालत आलेली बांधणी आज अपुरी पडू लागते. अशा वेळी केवळ आपल्या गावचा, आपल्या तालुक्याचा अनुभव पुरेसा होत नाही. शेजारच्या जिल्ह्यात, शेजारच्या राज्यात अथवा आपल्यासारखेच हवामान असलेल्या एखाद्या दूरच्या देशात हाच प्रश्न कोणी कसा सोडविला, हे पाहणे आवश्यक ठरते. वास्तुविशारद, अभियंते व नगररचनाकार यांच्या प्रादेशिक परिषदा याच गरजेतून निर्माण झाल्या.

अशा परिषदांविषयी सर्वसामान्य माणसाच्या मनात, आणि पुष्कळदा शासकीय कार्यालयांतही, थोडीशी उदासीनता आढळते. उद्‌घाटन होते, निबंध वाचले जातात, ठराव संमत होतात. प्रतिनिधी परत जातात आणि प्रवासभत्त्याच्या देयकापलीकडे मागे काही उरत नाही, असा समज आहे. हा समज सर्वस्वी निराधार नाही. परंतु गेल्या शतकातील काही परिषदांचा इतिहास पाहिला, तर त्यांतून माणसे घडली, संस्था उभ्या राहिल्या आणि शासनाची धोरणेही बदलली, असे दिसून येते. त्याचबरोबर परिषदेतील ज्ञान गावापर्यंत वेळेवर न पोहोचल्यास त्याची किंमत किती भयंकर असते, याचाही अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. या दोन्ही बाजूंचा विचार अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना उपयुक्त ठरेल.

प्रदेश हीच पहिली शाळा

वास्तुकलेची परिषद प्रादेशिक असावी, यामागे एक साधे कारण आहे. ऊन, पाऊस, वारा, माती आणि दगड यांना राज्याच्या सीमा ठाऊक नसतात. कोकणातील जांभा दगड गोव्यात आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावरही तोच आहे. मराठवाड्यातील काळी माती तेलंगणातही पायांना तशीच तडे पाडते. म्हणून रत्नागिरीच्या अभियंत्याला नागपूरच्या अनुभवापेक्षा कारवारचा अनुभव कधीकधी अधिक उपयोगी पडतो. समान हवामान व समान साहित्य असलेल्या प्रदेशातील माणसे एकत्र आली, म्हणजे चर्चा आपोआप प्रत्यक्षाला धरून होते.

मुंबई या बाबतीत देशात अग्रेसर राहिली. सर ज. जी. कला विद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी 1917 साली वास्तुविद्यार्थ्यांची एक संघटना स्थापन केली. आपसांत विचारविनिमय करावा, व्याख्याने ऐकावीत आणि व्यवसायाची प्रतिष्ठा राखावी, एवढाच तिचा प्रारंभीचा हेतू. 1922 मध्ये ती मुंबईची वास्तुविशारद संघटना झाली आणि 1929 मध्ये तिचेच रूपांतर अखिल भारतीय स्वरूपाच्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ या संस्थेत झाले. संसदेने वास्तुविशारद अधिनियम संमत केला तो 1972 साली. म्हणजे कायद्याने व्यवसायाला मान्यता मिळण्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ या व्यावसायिकांनी एकमेकांच्या भेटीगाठींतून स्वतःला शिस्त लावून घेतली होती. व्यवसायातील शिक्षण पदवीबरोबर संपत नाही, याची ही साक्षच होय.

एका तरुणाची उपस्थिती

परिषदेत व्यासपीठावर काय घडते यापेक्षा भोजनाच्या वेळी, ओसरीवर, दोन बैठकांच्या मधल्या अवधीत काय घडते, हे पुष्कळदा अधिक महत्त्वाचे ठरते. याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. 1951 साली इंग्लंडमधील होड्सडन या गावी आधुनिक वास्तुविशारदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची आठवी परिषद भरली. नगराचे हृदय, अर्थात लोकांनी एकत्र जमण्याची जागा कशी असावी, हा तिचा विषय होता. या परिषदेला बाळकृष्ण दोशी हे तरुण भारतीय उपस्थित होते. त्यांचा जन्म 1927 साली पुण्यात झालेला आणि शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. संस्थेत. पुढील अभ्यासासाठी ते लंडनला गेले होते.

त्या सुमारास ल कॉर्बुझिए या जगद्विख्यात वास्तुविशारदाकडे चंडीगढचे काम आले होते. परिषदेत दोशींची त्यांच्या सहकाऱ्यांशी ओळख झाली. काम मिळेल काय, अशी विचारणा त्यांनी केली. स्वहस्ताक्षरात अर्ज पाठवावा, असे उत्तर मिळाले. त्या अर्जामुळे दोशी पॅरिसला गेले. प्रारंभीचे काही महिने त्यांनी वेतनाशिवाय काम केले, आणि नंतर अहमदाबाद येथील कामांवर देखरेख करण्यासाठी ते भारतात परतले. 1962 साली त्यांनी अहमदाबादला वास्तुविद्येचे विद्यालय सुरू केले. इंदूर येथे त्यांनी आखलेल्या ‘अरण्य’ या वसाहतीत अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना जोते, पाणी व शौचालय यांची मूलभूत सोय करून दिली गेली आणि बाकीचे घर कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवावे, अशी योजना होती. 2018 साली वास्तुकलेतील सर्वोच्च समजला जाणारा प्रित्झ्कर पुरस्कार मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. 2023 साली त्यांचे निधन झाले.

परिषदेला गेलेला प्रत्येक तरुण दोशी होत नाही, हे खरे. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या परिषदेत दोशी कोणी मान्यवर वक्ते म्हणून गेले नव्हते. ते ऐकण्यासाठी गेले आणि त्यांनी विचारण्याचा संकोच केला नाही. आपल्याकडील कनिष्ठ अभियंता किंवा तंत्रशाळेतील शिक्षक परिषदेत मागच्या रांगेत बसून परत येतो, तो बहुधा या संकोचामुळेच. वरिष्ठांनी त्याला पाठविताना हा संकोच दूर करणे हेही एक प्रशासकीय कर्तव्यच मानावे लागेल.

लंडन आणि दिल्ली : दोन परिषदा, दोन धडे

1953 साली लंडन येथे उष्णकटिबंधातील वास्तुकलेविषयी एक परिषद भरली. तिचे मूळ एका विद्यार्थ्याच्या तक्रारीत होते. नायजेरियातून इंग्लंडमध्ये शिकण्यास आलेल्या आदेदोकुन आदेयेमी या विद्यार्थ्याला, आपण येथे जे शिकतो ते आपल्या देशाच्या उन्हापावसात निरुपयोगी आहे, असे जाणवले. थंड प्रदेशातील घर उष्णता आत राखण्यासाठी बांधलेले असते. उष्ण प्रदेशातील घराला नेमके उलट काम करावयाचे असते. परिषदेत हा प्रश्न मांडला गेल्यावर पुढच्याच वर्षी लंडनच्या एका नामांकित वास्तुविद्यालयात उष्णकटिबंधीय वास्तुकलेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला.

या विभागाची धुरा पुढे ओटो कोनिग्सबर्गर यांनी सांभाळली. म्हैसूर संस्थानात मुख्य वास्तुविशारद म्हणून काम केलेले आणि भुवनेश्वर नगराचा आराखडा तयार करणारे हे गृहस्थ स्वातंत्र्यानंतर केंद्र शासनात गृहनिर्माण संचालक होते. निर्वासितांना त्वरित निवारा मिळावा म्हणून कारखान्यात तयार केलेल्या भिंतींची घरे उभारण्याची योजना त्यांच्या काळात दिल्लीत हाती घेण्यात आली होती. ती यशस्वी झाली नाही आणि 1951 साली ते भारतातून गेले. परंतु भारतातील हवामान, कारागीर आणि प्रशासन यांचा अनुभव त्यांच्याबरोबर गेला आणि अनेक देशांतील विद्यार्थ्यांच्या शिक्षणात तो उतरला. यशाप्रमाणेच अपयशाचीही देवघेव व्हावी लागते, आणि परिषदांचे व पाठ्यक्रमांचे एक मोठे मूल्य यातच आहे.

यापेक्षाही आपल्याला जवळची परिषद म्हणजे 1954 च्या जानेवारी-फेब्रुवारीत नवी दिल्ली येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने आशिया व अतिपूर्व प्रदेशासाठी भरलेला गृहनिर्माण व समाजसुधारणा विषयक परिसंवाद. त्याच वेळी भारत शासनाने अल्पखर्चाच्या घरांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरविले होते. परिसंवादाची सूत्रे जॅकलिन टिरव्हिट या विदुषीकडे होती. होड्सडनच्या परिषदेच्या कार्यातही त्यांचा वाटा होता. तेथे चर्चिला गेलेला ‘नगराचे हृदय’ हा विषय दिल्लीला येताना त्यांनी भारतीय स्थितीशी जोडला. भारताचे हृदय खेड्यात असल्याने त्यांनी प्रदर्शनात प्रत्यक्ष एक ग्रामकेंद्र उभे केले. त्यात शाळा होती, आरोग्यकेंद्र होते, हस्तव्यवसायासाठी जागा होती आणि लोकांनी एकत्र जमण्याची सोय होती. बांधणीसाठी खेड्यात मिळणारे साहित्य वापरले होते. त्यापूर्वीच, 2 ऑक्टोबर 1952 रोजी, देशात समाजविकास योजनेला प्रारंभ झाला होता. त्यामुळे हे ग्रामकेंद्र केवळ शोभेची वस्तू राहिले नाही. विकासगटातील शाळा, दवाखाना आणि सभागृह ही कामे वेगवेगळ्या खात्यांची वेगवेगळी बांधकामे नसून गावाचे एकच जीवनकेंद्र आहे, हा विचार त्यातून लोकांपुढे आला.

टिरव्हिट यांच्या या दृष्टीला आणखी एक जुना धागा होता. सर पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विचारवंत 1914 नंतर अनेक वर्षे भारतात होते. 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्या भारतातील अहवालांचे निवडक संपादन टिरव्हिट यांनीच 1947 साली प्रसिद्ध केले होते. गेडिस गावोगाव नगररचनेचे प्रदर्शन घेऊन फिरत. होळकरांच्या इंदुरात प्लेगचा उपद्रव असताना त्यांनी एक युक्ती योजिली. दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या मार्गाने न जाता, ज्या भागातील घरे सर्वांत अधिक स्वच्छ व दुरुस्त केलेली असतील त्या भागातून जाईल, असे त्यांनी जाहीर केले. घराघरांत झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिकृती होती आणि सफाई कामगार पांढऱ्या पोशाखात, गळ्यात फुलांच्या माळा घालून मानाने चालत होते. तज्ज्ञांचे ज्ञान सामान्य जनांपर्यंत पोहोचविण्याचा इतका परिणामकारक मार्ग आजही विचार करण्याजोगा आहे.

दिल्लीच्या परिसंवादाचे फलित केवळ ठरावांपुरते मर्यादित राहिले नाही. तेथे टिरव्हिट आणि ग्रीक नियोजनकार कॉन्स्टंटिनोस डॉक्सिआडिस यांचा संबंध जुळला. पुढल्या वर्षी, 1955 मध्ये, उष्णकटिबंधातील गृहनिर्माण व नियोजन यांविषयीची एक मासिक पत्रिका सुरू झाली. दूरदूरच्या देशांत एकटे काम करणाऱ्या तज्ज्ञांना एकमेकांच्या कामाची माहिती मिळावी, हा तिचा उद्देश. हीच पत्रिका पुढे ‘एकिस्टिक्स’ या नावाने जगभर गेली. परिषद चार आठवड्यांची. परंतु तिच्यातून निघालेला पत्रव्यवहार अनेक दशके चालला. परिषदेनंतर संपर्क टिकविण्याची व्यवस्था केली, तरच परिषद सार्थकी लागते, हा या घटनेचा धडा होय.

मुंबईचे उदाहरण

भेटीगाठींतून विचार आणि विचारातून धोरण कसे निर्माण होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातही आहे. 1960 नंतरच्या काळात मुंबई बेटावरील गर्दीचा प्रश्न तीव्र झाला. चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता हे दोन वास्तुविशारद आणि शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंता यांनी एकत्र येऊन, शहराची वाढ उत्तरेकडे लांबविण्याऐवजी खाडीपलीकडील भूमीवर नवे नगर वसवावे, अशी सूचना मांडली. ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकाने 1965 साली ही कल्पना विस्ताराने प्रसिद्ध केली. 1970 साली शासनाने सिडकोची स्थापना केली आणि नवी मुंबईच्या कामाला सुरुवात झाली. येथे वास्तुविशारद व अभियंता यांचे ज्ञान एकत्र आले, नियतकालिकाने ते लोकांपुढे ठेवले आणि शासनाने त्याची दखल घेतली. या तीन दुव्यांपैकी एकही तुटला असता, तर ती सूचना कागदावरच राहिली असती.

किल्लारीची शिकवण

मात्र दुवा तुटला तर काय होते, हेही पाहणे आवश्यक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली; हजारो माणसे झोपेतच ढिगाऱ्याखाली गाडली गेली. भूकंपाची तीव्रता जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होती. एवढी हानी झाली ती प्रामुख्याने घरांच्या बांधणीमुळे.

त्या भागातील घरांच्या भिंती दगडाच्या आणि मातीत रचलेल्या होत्या. रुंदी दोन फुटांहून अधिक. परंतु ती भिंत एकसंध नव्हती. आतील बाजूचा एक थर, बाहेरील बाजूचा दुसरा थर आणि मध्ये दगडगोट्यांची व मातीची भर, अशी तिची रचना असे. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड क्वचितच असत. वर माळवदाचे छत, आणि गळती थांबविण्यासाठी त्यावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढविलेले. उन्हाळ्यात हे घर गार राही. या दृष्टीने पूर्वजांची योजना शहाणपणाची होती. परंतु जमीन हादरताच भिंतींचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि छताची माती खाली आली. काही ठिकाणी लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला आणि केवळ भिंतीच ढासळल्या, हेही पाहणाऱ्यांच्या लक्षात आले.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, भूकंपात दगडी घर कसे टिकवावे, याविषयीचे ज्ञान देशात नव्हते असे नाही. रुडकी येथे भूकंप अभियांत्रिकीचे शिक्षण 1960 पासून सुरू होते. भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक 1967 साली प्रसिद्ध झाले होते. त्याच वर्षी 11 डिसेंबरला कोयनेचा भूकंप महाराष्ट्राने अनुभवला होता. 1977 साली तर भूकंप अभियांत्रिकीची जागतिक परिषद नवी दिल्ली येथेच भरली होती. परंतु लातूरचा परिसर तेव्हाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्यामुळे ते ज्ञान तेथील गवंड्यापर्यंत नेण्याची निकड कोणालाच भासली नाही. ज्ञान सभागृहात होते. भिंत गावात होती. या दोहोंमधील अंतर त्या पहाटे जीवघेणे ठरले. 2002 साली भूकंप-नकाशाची सुधारणा झाली, तेव्हा सर्वांत कमी धोक्याचा तो पट्टाच रद्द करण्यात आला आणि या परिसराचा समावेश वरच्या पट्ट्यात झाला.

त्यानंतरच्या पुनर्वसनात मात्र हे अंतर कमी करण्याचा मोठा प्रयत्न झाला. सर्वाधिक हानी झालेली गावे नव्या जागी वसविण्यात आली. परंतु लाखाहून अधिक घरांच्या बाबतीत जागच्या जागी दुरुस्ती व मजबुतीकरणाचा मार्ग स्वीकारण्यात आला. कुटुंबाने स्वतः आपले घर दुरुस्त करावे, शासनाने टप्प्याटप्प्याने अर्थसाहाय्य द्यावे आणि अभियंत्याने मार्गदर्शन करावे, अशी ही पद्धत होती. गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. घरातील स्त्रियांना नवी बांधणी समजावून सांगणे, गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवणे आणि अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचविणे, हे काम त्यांनी केले. परिषदेतील शास्त्र प्रथमच ओसरीवर आले, असे म्हणता येईल.

या शास्त्रातील मुख्य सूत्रे प्रत्येक पंचायत सदस्याने लक्षात ठेवावीत इतकी सोपी आहेत. दगडी भिंतीची जाडी 45 सेंटीमीटरपेक्षा अधिक असू नये. भिंतीचे दोन्ही थर जोडण्यासाठी उंचीत दर 60 सेंटीमीटरवर आणि लांबीत 1.2 मीटरपेक्षा अधिक अंतर न ठेवता आरपार दगड बसवावेत. गोल गोटे वापरू नयेत. ते घडवून घ्यावेत. दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर सर्व भिंतींना सलग बांधणारी पट्टी अवश्य असावी. पट्ट्याने पेटी बांधावी तशी ती चारही भिंतींना एकत्र धरते. भूकंपप्रवण भागात मातीऐवजी सिमेंट-वाळूचा दर्जा वापरणे श्रेयस्कर. माळवदावरील जादा माती उतरवून छताचा भार कमी करावा. यांपैकी कोणतीही सूचना समजण्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. लागते ती फक्त कोणीतरी वेळेवर येऊन सांगण्याची.

परिषदेला कोणी जावे, कसे जावे

यावरून परिषदेचा लाभ घेण्याची काही पथ्ये निश्चित करता येतात.

पहिले पथ्य पूर्वतयारीचे. परिषदेला जाणाऱ्या अभियंत्याने किंवा शिक्षकाने आपल्या क्षेत्रातील एक निश्चित प्रश्न बरोबर न्यावा. शाळेच्या खोलीत दुपारी बसवत नाही, दोन वर्षांत भिंतींना ओल येते, काळ्या मातीत जोते खचते, असा प्रश्न असावा. त्याबरोबर साधा नकाशा, छायाचित्रे, वापरलेले साहित्य व त्याचे स्थानिक दर यांची नोंद असावी. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळते. मोजमापासह विचारलेल्या प्रश्नाला उत्तरही मोजमापासह मिळते.

दुसरे पथ्य ऐकण्याचे. नव्या पद्धतीची माहिती घेताना चार गोष्टी आवर्जून विचाराव्यात. तिला लागणारे साहित्य गावाजवळ मिळते काय? सामान्य गवंड्याला ती किती दिवसांत शिकविता येते? पाच पावसाळ्यांनंतर तिची स्थिती काय होते? आणि ती कोठे अयशस्वी झाली? शेवटचा प्रश्न विचारण्यास संकोच वाटतो. परंतु त्याचेच उत्तर सर्वांत मोलाचे असते. परिषदेच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष बांधकामाची भेट असल्यास ती चुकवू नये, आणि शक्य झाल्यास तेथे राहणाऱ्या कुटुंबाशी बोलावे. घराविषयीचे अंतिम मत त्यात राहणाराच देऊ शकतो.

तिसरे पथ्य संबंध जोडण्याचे. मान्यवरांच्या ओळखीपेक्षा समान प्रश्न असलेल्या समकक्ष माणसाची ओळख दीर्घकाळ टिकते. दोन वेगळ्या जिल्ह्यांतील दोन उपअभियंत्यांनी वर्षातून दोनदा एकमेकांची कामे पाहिली, तरी परिषदेचा खर्च भरून निघाला असे समजण्यास हरकत नाही. या ओळखी केवळ आपल्याच व्यवसायापुरत्या असू नयेत. वास्तुविशारद, अभियंता, आरोग्याधिकारी आणि शिक्षक यांना एकत्र आणणारी परिषद अधिक फलदायी होते. कारण घर हे या सर्वांच्या कामाचे ठिकाण आहे.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे पथ्य परतल्यानंतरचे. प्रतिनिधीने सोप्या मराठीत दोन पानांचे टिपण तयार करावे आणि ते धारिकेत न ठेवता पंचायत समितीच्या बैठकीत वाचून दाखवावे. ग्रामसभेत ते मांडावे. परंतु केवळ वाचनाने भागत नाही. गवंडी कागदावरून शिकत नाही. तो हाताने शिकतो. म्हणून गावातील एखाद्या चालू बांधकामावर, अंगणवाडीच्या खोलीची किंवा घरकुलाची एक भिंत नव्या पद्धतीने रचून दाखवावी. केरळमध्ये 1980 नंतरच्या दशकात सुरू झालेल्या ‘निर्मिती केंद्रां’नी हाच मार्ग अनुसरला. लॉरी बेकर यांच्यासारख्या वास्तुविशारदांनी अल्पखर्चाच्या ज्या पद्धती रूढ केल्या, त्यांचे शिक्षण या केंद्रांनी कारागिरांना प्रत्यक्ष कामावर दिले. पोकळी ठेवून रचलेल्या विटांच्या भिंतीमुळे विटांची बचत होते आणि घरही थंड राहते, हे गवंड्याने एकदा स्वतः रचून पाहिले की त्याला पुन्हा सांगावे लागत नाही.

पंचायत सदस्यांची व शिक्षकांची भूमिका

1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा कार्यान्वित झाल्या, तेव्हापासून ग्रामीण भागातील शाळा, दवाखाने व इतर सार्वजनिक इमारतींची मोठी जबाबदारी लोकप्रतिनिधींकडे आली. 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घरकुलांबरोबर गवंडी प्रशिक्षणाचीही तरतूद करण्यात आली. म्हणजे पैसा, मनुष्यबळ आणि अधिकार या तिन्ही गोष्टी गावाजवळ आलेल्या आहेत. आता प्रश्न उरतो तो ज्ञानाचा. कोणत्या दर्जाची भिंत रचली जात आहे, पट्टी घातली आहे किंवा नाही, हे विचारण्याचा हक्क पंचायत सदस्याला आहे. परंतु काय विचारावे हे ठाऊक असेल, तरच त्या हक्काचा उपयोग.

शिक्षकांचे साहाय्य येथे फार मोलाचे आहे. गावातील जुन्या घरांची पाहणी विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. कोणती भिंत किती वर्षांची आहे, तिचे साहित्य काय, उन्हाळ्यात आतील व बाहेरील तापमानात किती फरक पडतो, याच्या नोंदी मुले आनंदाने करतील. अशा नोंदी घेऊन जाणारा प्रतिनिधी परिषदेत केवळ श्रोता राहणार नाही. तो काही देणाराही होईल. वृद्ध गवंडी व सुतार यांना शाळेत बोलावून त्यांच्याकडून जुन्या बांधणीची माहिती घ्यावी. किल्लारीच्या परिसरात लाकडी खण का टिकला, हे पिढ्यान्‌पिढ्या तो जोडणाऱ्या सुताराइतके कोण सांगू शकेल? तज्ज्ञांच्या परिषदेत अशा कारागिरांनाही आसन मिळाले, तर परिषदेची प्रतिष्ठा वाढेल, उणावणार नाही.

परिषदांचे यश उपस्थितांच्या संख्येवर अथवा ठरावांच्या भाषेवर मोजण्याची प्रथा आहे. त्याऐवजी वर्षभरानंतर एखाद्या गावात जाऊन, परिषदेमुळे येथील बांधणीत कोणता बदल झाला, असे विचारणे अधिक योग्य होईल. ज्या दिवशी गावचा गवंडी आरपार दगड कोणाच्याही सूचनेशिवाय बसवू लागेल आणि घरची गृहिणी तो बसविला की नाही हे पाहू लागेल, त्या दिवशी ते ज्ञान खऱ्या अर्थाने लोकांचे झाले असे समजावे. सभागृहापासून भिंतीपर्यंतचे हे अंतर कमी करणे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या तिघांच्या हाती आहे, आणि पुढचा धक्का बसण्यापूर्वीच ते कमी व्हावयास हवे.